नवी गाडी की जुनी? आधी वही उघडा

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी उतरला आणि आमच्या सालवड-बोईसर भागात घरोघर एकच विषय सुरू झाला. आतापर्यंत मोटारसायकलवर चौघे बसून चिंचणीच्या लग्नाला जाणारी घरेही आता चारचाकीचा विचार करू लागली. शिक्षकांच्या खोलीत, रिक्षा थांब्यावर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर हाच प्रश्न कानी येतो: गाडी नवी घ्यावी की जुनी? कोणी म्हणतो, "जुनी म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे." कोणी म्हणतो, "नवी गाडी शोरूमच्या बाहेर आली की लाखाने स्वस्त झाली." दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे. पण प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असते आणि ते त्या घराच्या वहीतच सापडते.

मी शाळेत मुलांना शाब्दिक उदाहरणे शिकवते. गाडीचा प्रश्नही तसाच आहे. आधी काय दिले आहे ते लिहायचे, मग काय काढायचे आहे ते, आणि उत्तर शेवटी. आपण बहुतेक वेळा उत्तर आधी ठरवतो, रंगसुद्धा ठरवतो, आणि आकडे त्याला जुळवत बसतो.

पहिला प्रश्न: गाडी किती चालणार?

एक महिना वहीत लिहून ठेवा. बोईसर स्टेशन, बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, पालघरची सरकारी कामे, नातेवाइकांकडचे जाणे-येणे. प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि आज त्यावर होणारा खर्च. 2013 साली मुंबईच्या लोकल डहाणूपर्यंत आल्या, त्यामुळे विरार-अंधेरीला नोकरीसाठी जाणारा माणूस गाडी घेतल्यावरही रोज लोकलनेच जाणार. कंपनीत पाळीला जाणाऱ्याला बस किंवा दुचाकी आहेच. असा हिशेब केला तर बऱ्याच घरांची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटरच्या आसपासच चालेल असे दिसते.

आता खर्च पाहा. पुढे मांडल्याप्रमाणे स्वस्तात घेतलेल्या जुन्या गाडीचाही घसारा, दुरुस्ती, पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग मिळून पाचशे किलोमीटरला महिना दहा हजारांच्या घरात खर्च येतो. आज रिक्षा आणि भाड्याच्या गाडीवर चार हजार जात असतील, तर गाडीने पैसे वाचणार नाहीत. गाडी मग सोयीसाठी आहे: रात्री अडीच वाजता अम्मीच्या छातीत दुखू लागले तर, जुलैच्या पावसात लहान मूल तापाने फणफणले तर. ही सोय खरी आहे आणि तिची किंमत देण्यात गैर काही नाही. फक्त तिला बचत म्हणू नये.

किंमत वेगळी, खर्च वेगळा

समजायला सोपे जावे म्हणून काही आकडे धरू. प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावे.

एका छोट्या पेट्रोल गाडीची शोरूम किंमत 6 लाख रुपये. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी रस्ता कर 11 टक्के, म्हणजे 66 हजार. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग आणि सीट कव्हर धरले की गाडी दारात येईपर्यंत सुमारे 7 लाख होतात.

दोन लाख हाताशी आहेत, पाच लाखांचे कर्ज काढले. दर साल 9 टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता 10,379 रुपये. पाच वर्षांत बँकेला 6 लाख 22 हजारांवर रक्कम जाते, त्यातले 1 लाख 22 हजार निव्वळ व्याज.

पाच वर्षांनी गाडीचे काय राहील? विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना वयाप्रमाणे घट धरतात: सहा महिने ते एक वर्ष 15 टक्के, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाचपर्यंत 50. बाजारभाव थोडा वरखाली होतो, पण अंदाजाला हे कोष्टक बरे. म्हणजे 6 लाखांच्या गाडीचे 3 लाख उरतील. सात लाखांतून तीन वजा केले तर चार लाख गेले. व्याज मिळवले तर सव्वापाच लाखांच्या आसपास.

आता तीच गाडी चार वर्षे जुनी घेऊ. किंमत साडेतीन लाख. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, नावावर करणे आणि विमा यासाठी पन्नास हजार बाजूला. नव्या गाडीपेक्षा जास्त होणारी दुरुस्ती वर्षाला वीस हजार धरली तर पाच वर्षांत एक लाख. एकूण पाच लाख. पाच वर्षांनी गाडी नऊ वर्षांची होईल, दीड लाखाला विकली जाईल. गेले साडेतीन लाख.

या दोन हिशेबांत पेट्रोल, नेहमीचे सर्व्हिसिंग आणि पुढच्या वर्षांचे विमा हप्ते धरलेले नाहीत. तरीही एक गोष्ट दिसते, जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. रोख घेतलेली नवी गाडी आणि रोख घेतलेली जुनी गाडी यांत पाच वर्षांचा फरक फक्त पन्नास हजारांचा आहे. कर्जावर घेतलेली नवी आणि रोख घेतलेली जुनी यांत तो पावणेदोन लाखांच्या जवळ जातो. घराला खड्ड्यात घालते ते व्याज, आणि नवी गाडी बहुतेकांना व्याजाशिवाय घेता येत नाही.

जीएसटी उतरल्याचा परिणामही इथेच लक्षात घ्यावा. चार मीटरपर्यंतच्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी अधिभारासह 29 टक्के होता तो 18 झाला. जुन्या दराने 6 लाखांना असलेल्या गाडीत हा फरक सुमारे 51 हजारांचा. 2024 मध्ये घेतलेली गाडी विकणारा म्हणेल, "मी इतक्याला घेतली होती." त्याचे खरे असेल, पण आपल्याला आज तीच नवी गाडी कितीला मिळते तेवढेच पाहायचे आहे. दोन वर्षांची जुनी गाडी नव्यापेक्षा लाखभरानेच स्वस्त पडत असेल, तर ती सोडावी.

पेट्रोल की सीएनजी

इथेही वहीतले किलोमीटरच उत्तर देतात. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि 18 चा अॅव्हरेज धरला तर किलोमीटरला 5 रुपये 80 पैसे. सीएनजी 80 रुपये किलो आणि 25 चा अॅव्हरेज धरला तर 3 रुपये 20 पैसे. महिन्याला पाचशे किलोमीटरवर बचत 1,300 रुपये. सीएनजी गाडी 90 हजारांनी महाग असेल तर ते पैसे वसूल व्हायला पावणेसहा वर्षे लागतील. पण मनोरमार्गे रोज हायवेने जाऊन महिन्याला दीड हजार किलोमीटर होत असतील, तर दोन वर्षांत वसूल. मागच्या डिकीत टाकी बसते, गावी जाताना सामान कुठे ठेवणार याचाही विचार व्हावा.

जुनी सीएनजी गाडी घेताना किटची नोंद आरसीवर आणि विम्यात आहे का ते पाहा. टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याचे प्रमाणपत्र मागा. नोंद नसलेले किट म्हणजे अपघातानंतर विमा नाकारायला आयते निमित्त.

जुनी गाडी पाहताना

आपला भाग समुद्रालगतचा. नवापूर, तारापूर, चिंचणीची खारी हवा आणि एमआयडीसीचा धूर यांच्यात उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून गंजलेली असू शकते. म्हणून गाडी उंचावर चढवून खालचा पत्रा, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या आणि दरवाजांच्या खालच्या कडा बघितल्याशिवाय सौदा करू नये. पायाखालचे गालिचे उचलून बोटाने दाबून पाहावे.

दुसरी धास्ती पाण्याची. जुलै 2018 मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते. असा पूर येऊन गेला की बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग आहे का. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, एसी लावल्यावर कुबट वास. यातले एक जरी दिसले तरी सलाम करून परत यावे.

तिसरी धास्ती फिरवलेल्या मीटरची. काटा तीस हजार दाखवतो, पण ब्रेक-क्लचचे रबर झिजून गुळगुळीत, स्टीअरिंगचे कातडे चकाकणारे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मागा. प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहिलेले असतात. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांचे टायर असतील तर चार नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. सोबत आपला मेकॅनिक न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला पाचशे-हजार रुपये दिले तर तो खर्च वाया जात नाही. त्याने "नको" म्हटले तर त्याहून जास्त वाचतात.

कागद हीच खरी गाडी

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. गुजरात, सिल्वासा आणि दमण जवळ. जीजे-15, डीएन-09 किंवा डीडी-03 नंबरच्या गाड्या इथे थोड्या स्वस्तात मिळतात. स्वस्त का, ते समजून घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, आणि गाडीच्या वयानुसार इथला कर. हा सगळा खर्च आणि हेलपाटे मिळवून मगच तुलना करावी. "तसेच चालवा, कोणी विचारत नाही" असे एजंट म्हणतो. अपघात झाला की सगळेच विचारतात.

महाराष्ट्राची गाडी असली तरी इसार देण्यापूर्वी परिवहन खात्याच्या एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून पाहा. मालक कितवा, नोंदणी कधीपर्यंत, विमा व पीयूसी चालू आहे का, बँकेचा बोजा आहे का. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेले ई-चलन वेगळे तपासा. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहा.

नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. एकाच राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असे मोटार वाहन कायदा सांगतो. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नो-क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाचा पन्नास टक्के बोनस आपल्याला मिळत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचा विमा हप्ता आपल्या हिशेबाने धरावा.

गाडी विकणाऱ्यांनी तर हा भाग दोनदा वाचावा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्या-चौथ्याकडे गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीत नाव असलेल्या मालकावर टाकली. ओळखीतल्या माणसाला "भाईजान, नावाचे नंतर बघू" म्हणून गाडी देणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. व्यापाऱ्यामार्फत व्यवहार असेल तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र घेण्याचा नियम आहे. ते दाखवायला सांगा.

फार जुनीही नको

स्वस्ताईची एक हद्द आहे. 1 जुलै 2019 पासून प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि 2022 च्या सुरुवातीपासून पुढे बसणाऱ्या दुसऱ्या माणसासाठीही. म्हणजे 2015 ची लाख-सव्वालाखाची गाडी घेतली तर तिच्यात एकही एअरबॅग नसण्याची शक्यता मोठी. ज्या सीटवर बहुधा घरची बाई मांडीवर मूल घेऊन बसते, तिथलीच सुरक्षा आपण वाचवतो. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे तर कोणत्याही गाडीत घातकच.

मागच्या सीटचेही तसेच. 4 सप्टेंबर 2022 रोजी आपल्याच जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. जुनी गाडी पाहताना मागचे तिन्ही पट्टे बाहेर ओढून, अडकवून पाहा. सीट कव्हरखाली गाडलेले पट्टे पहिल्याच दिवशी वर काढा.

वयाची दुसरी मर्यादा कागदाची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण, त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून मोटारीला पाच हजार, वर हरित कर. आज अकरा वर्षांची गाडी घेतली तर चार वर्षांत हा खर्च आपल्या दारी येतो आणि ती विकायलाही गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून तीन ते पाच वर्षांची, एकाच मालकाची गाडी सर्वांत सोयीची. मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि गाडीत दम शिल्लक असतो.

पैसे कुठून आणायचे

आपल्या भागात पुष्कळ घरे कंत्राटी पगारावर आहेत. ओव्हरटाइम असला की महिना बरा, कंपनीला टाळे लागले की शून्य. हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातोच. शिवाय व्याजाचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांसाठी नुसत्या हिशेबाचा नाही, ईमानाचा आहे. अशा घरांना जुनी गाडी एक रस्ता मोकळा करून देते. वरच्या उदाहरणातला 10,379 रुपयांचा हप्ता बँकेला देण्याऐवजी वीस महिने भिशीत किंवा बचत खात्यात टाकला, तर 2 लाख 7 हजार जमतात. हाताशी असलेले दोन लाख मिळवले की चार लाखांवर रक्कम होते. साडेतीन लाखांची गाडी आणि वरचे पन्नास हजार, दोन्ही आले, व्याजाचा एक रुपया न देता. वीस महिने थांबता येते का, एवढेच विचारायचे आहे. आणि या वीस महिन्यांत तेवढी बचत जमलीच नाही, तर हप्ताही जमला नसता हे फुकटात कळते.

नात्यात कर्ज-ए-हसना घेतले तर लिहून ठेवावे. कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहावा, साक्षीदार ठेवावेत, हे कुरआनने सूरह बकरामध्ये सविस्तर सांगितले आहे. मामूंच्या पैशांवर घेतलेल्या गाडीत मामूंशीच बोलणे बंद झाल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

आणि दागिने. गाडीची रक्कम भरताना सर्वांत आधी नजर जाते ती घरातल्या बाईच्या सोन्याकडे. तिचे मेहर आणि माहेरचे दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने खुशीने दिले तर तिचा मोठेपणा. पण मग आरसीवर तिचे नाव का नसावे? नाहीतर तेही कर्जच, आणि तेही लिहिलेले असावे. सोने वर्षागणिक जपले जाते, गाडी वर्षागणिक झिजते. पहिले विकून दुसरे घेताना निदान तिला विचारावे.

विकणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट. बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबर साहेबांनी हात घातला, आत ओल लागली, आणि ती ओल वर का ठेवली नाहीस असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. इंजिनात जाड तेल ओतून आवाज लपवणे म्हणजे तीच ओल झाकणे. गाडीला धडक बसली होती, गिअरबॉक्स उघडला होता, हे आधी सांगितले तर पाच-दहा हजार कमी येतील, पण त्या पैशात बरकत राहील.

तर मग काय घ्यावे?

महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर चालणार, गाडी दहा वर्षे ठेवायची, आणि घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनही रोख पैसे आहेत: नवी घ्या, सीएनजीचा विचार करा.

महिन्याला पाचशेच्या आसपास चालणार, आणि नवीसाठी कर्ज काढावे लागणार: तीन ते पाच वर्षांची, 2022 नंतरची असेल तर उत्तम, महाराष्ट्राच्या नोंदणीची, पहिल्या मालकाची गाडी घ्या. पन्नास हजार हातात राखून घ्या. सगळे पैसे किमतीत घातले तर पहिल्याच क्लचला उधारी होते.

महिन्यातून चारदाच लागणार: रिक्षा आणि भाड्याची गाडी बरी. उरलेल्या पैशात मुलीच्या बारावीनंतरची फी भरली जाईल.

शेजाऱ्याने कोणती घेतली हा आकडा यांतल्या कोणत्याच हिशेबात येत नाही. वहीत त्यासाठी रकाना ठेवू नये.